उडीनंतरची जमीन : विमानातून वाचलेल्यांच्या कथा आणि वास्तववाद

गांधीबागेत एका ठोक कापड-दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविवारी आमचे छोटेसे वाचनमंडळ जमते. मंडळात बहुतेक जण साहित्याचे शिक्षक आणि विद्यार्थी आहेत. अपवाद एकच, हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त होऊन नागपुरातच स्थायिक झालेले एक गृहस्थ. त्यांना आम्ही सारे काका म्हणतो. काही महिन्यांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने तेथे आपली कथा वाचून दाखविली. कथेतील तरुण वैमानिकाच्या लढाऊ विमानाला आग लागते. त्याला आईची आठवण होते, मग तो दार उघडून बाहेर झेप घेतो, दोरी ओढतो, छत्री उघडते आणि तो सरहद्दीपलीकडच्या एका शेतात उतरतो. शेतातला म्हातारा त्याला पाणी देतो. हा म्हातारा फाळणीपूर्वी काही वर्षे नागपुरात राहिलेला निघतो. दोघे एकमेकांकडे पाहतात आणि कथा संपते.

चर्चेत दोन आक्षेप आले. लढाऊ विमानातून असे दार उघडून कोणी उडी मारीत नाही, हा पहिला. म्हाताऱ्याचा नागपूरशी संबंध निघणे हा ओढूनताणून आणलेला योगायोग आहे, हा दुसरा. विद्यार्थिनीने दोन्ही आक्षेप निमूटपणे मान्य केले आणि कथा पिशवीत ठेवून दिली. पुढे आमच्याच मनाला हे लागून राहिले. अशा प्रसंगाच्या कथेकडून वास्तववादाच्या नावाने नेमके काय मागायचे, हे आम्ही स्वतः कधी ठरविलेले नव्हते. ते ठरवायचे तर अशा उड्यांचा इतिहास आणि त्यांच्या कथांचा इतिहास दोन्ही शेजारी ठेवून पाहायला हवेत. प्रस्तुत लेख हा तसा एक प्रयत्न आहे.

मराठी वाचकाच्या कानाला ‘पॅराशूट’ हा शब्द परका नाही, पण त्याचा अनुभव मात्र परका आहे. बहुतेकांच्या घरी तो खोबरेल तेलाच्या निळ्या बाटलीवरून आला. आमच्या मंडळाच्या खालच्या बाजारात तो पिशव्या आणि पावसाळी जाकिटे शिवण्याच्या हलक्या, चिवट नायलॉनचे नाव आहे. मूळ हवाई छत्री मात्र बराच काळ रेशमाची असे. आंद्रे-जाक गार्नरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये फुग्यातून वर जाऊन छत्रीच्या साह्याने खाली उतरून दाखविले, आणि त्यानंतरचे शतकभर अशी उडी हा जत्रेतला खेळ राहिला. त्यात धाडस होते, पण संकट नव्हते. उतरणारा उतरण्यासाठीच वर जात असे.

संकटातील उडी ही विसाव्या शतकातील गोष्ट. पहिल्या महायुद्धात टेहळणीच्या फुग्यांतील निरीक्षकांना छत्र्या मिळाल्या, परंतु ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना त्या दिल्या गेल्या नाहीत. जर्मन वैमानिकांना त्या १९१८ साली मिळू लागल्या. युद्धानंतर, २० ऑक्टोबर १९२२ रोजी, अमेरिकेत डेटन शहरावर हॅरल्ड हॅरिस या वैमानिकाचे विमान हवेतच मोडू लागले. त्याने बाहेर उडी घेतली आणि हाताने उघडायच्या छत्रीमुळे त्याचा जीव वाचला. या प्रसंगाचा एक तपशील आम्हांला फार मोलाचा वाटतो. पडताना त्याच्या हाताला छत्रीची कडी सापडेना. तो पुनःपुन्हा पायाच्या पट्ट्याचा भाग ओढीत राहिला, असे सांगितले जाते. शेवटी कडी सापडली आणि तो एका द्राक्षाच्या मांडवावर येऊन पडला. चुकीची वस्तू ओढणारा हात आणि द्राक्षाचा मांडव ही दोन्ही कल्पनेने सहज सुचणारी नव्हेत. आईची आठवण कोणालाही सुचते.

त्याच सुमारास, अशा उडीतून वाचलेल्यांचा ‘कॅटरपिलर क्लब’ छत्री बनविणाऱ्या अर्विन कंपनीने सुरू केला. नाव रेशमाच्या अळीवरून घेतले होते आणि सभासदाला अळीच्या आकाराची छोटी पिन मिळे. आमच्या भागातील वाचकाला कोसा म्हटले की गडचिरोली-भंडाऱ्याकडील झाडांवर अळ्या राखणारे ढीवर आठवतात. ज्या छत्र्यांवर वैमानिक उतरले, ते रेशीम कोशाचे नव्हते, दुसऱ्या जातीच्या अळीचे होते. तरी वाचलेल्या माणसाने आपले ऋण एका अळीकडे नोंदवावे, ही कल्पना येथे नीट समजते. दुसऱ्या महायुद्धात रेशमाची जागा नायलॉनने घेतली. पिनेवरील अळी तशीच राहिली.

त्याच युद्धात उडीचे स्वरूपही बदलले. विमानांचा वेग इतका वाढला की माणसाला स्वतःच्या बळावर बाहेर पडणे अशक्य होऊ लागले. १३ जानेवारी १९४२ रोजी रुडॉल्फ शेंक या जर्मन चाचणी-वैमानिकाने बाहेर फेकणाऱ्या आसनाचा संकटात प्रथम उपयोग केला. ब्रिटनमध्ये मार्टिन-बेकर कंपनीच्या आसनाने ३० मे १९४९ रोजी जो लँकेस्टर याला वाचविले, आणि त्या कंपनीच्या आसनांनी वाचविलेल्यांची संख्या आता ७,००० च्या वर गेली आहे. या आसनात वैमानिक एक मूठ ओढतो. वरचे काचेचे छत उडते, आसनाखालील स्फोटक त्याला आसनासकट वर फेकते, नंतर आसन सुटते आणि छत्री आपोआप उघडते. हे सारे काही सेकंदांत घडते. धक्का इतका जबर असतो की पाठीच्या मणक्यांना इजा होणे ही अशा उडीनंतरची नेहमीची गोष्ट आहे.

वाङ्मयाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ मोठा आहे. हॅरिसच्या उडीत निर्णय होता आणि त्यानंतर शरीराची कृतीही होती: चढणे, उडी घेणे, पडणे, कडी शोधणे. निवेदकाला या कृतीवर पाने लिहिता येत. आसनाच्या उडीत निर्णय तेवढा माणसाचा. बाकी सारे यंत्र करते. म्हणजे खरे नाट्य मूठ ओढण्यापूर्वीच्या क्षणांत आणि जमिनीला पाय लागल्यानंतरच्या काळात विभागले गेले, आणि मधला भाग जवळजवळ रिकामा झाला. आमच्या विद्यार्थिनीची कथा, आणि अनेक चित्रपटही, १९७१ चे विमान घेऊन १९२२ ची उडी मारतात. आमचा पहिला आक्षेप बरोबर होता, पण आम्ही तो केवळ माहितीची चूक म्हणून मांडला. वस्तुतः ती रचनेची चूक होती. कथेचा भर जेथे द्यायला हवा, तेथे तो नव्हता.

यावर असे म्हटले जाईल की काही सेकंदांना मनात पानेच्या पाने व्यापता येतात. ते खरे आहे. अँब्रोज बिअर्स याच्या १८९० च्या प्रसिद्ध कथेत पुलावरून फाशी दिला जाणारा माणूस दोर तुटून निसटतो, नदीतून व रानातून घरापर्यंत पोहोचतो, आणि शेवटी कळते की हे सारे पडण्याच्या क्षणातच घडले होते. मराठीतही मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ने १९४२ साली संज्ञाप्रवाहाची वाट दाखविली. परंतु ही पद्धत वापरणाऱ्याने आपण घड्याळाचा काळ सोडून मनाच्या काळात शिरलो आहोत, हे जाणून लिहावे लागते. घड्याळाच्या तीन सेकंदांत आईची आठवण, देशाची आठवण आणि एक संपूर्ण स्वगत बसविणे हा संज्ञाप्रवाह नव्हे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येऊ. तो योगायोगाचा होता, आणि येथे आमची अधिक फजिती झाली.

२४ मार्च १९४४ च्या रात्री निकोलस अल्केमेड हा ब्रिटिश तोफची जर्मनीवर जळत्या लँकेस्टर विमानाच्या शेपटीत अडकला होता. त्याची छत्री आगीत गेली होती. जळून मरण्यापेक्षा बरे म्हणून त्याने सुमारे १८,००० फुटांवरून छत्रीविना उडी घेतली. पाइन वृक्षांच्या फांद्यांतून तो बर्फावर पडला आणि जगला. पकडणाऱ्या जर्मनांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. विमानाच्या अवशेषांत त्याच्या न वापरलेल्या छत्रीचे उरलेले भाग सापडले, तेव्हा कुठे त्यांना पटले. हा प्रसंग कोणी कथेत लिहिला असता तर आम्ही तो नक्कीच परत पाठविला असता. ॲरिस्टॉटलने नाटककाराला दिलेला सल्ला येथे आठवतो: घडू शकणाऱ्या पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा, न घडणारी पण पटणारी गोष्ट बरी. इतिहासाला पुरावा मिळाला की तो मोकळा होतो. कथेजवळ अवशेष नसतात. तिला पटविण्याची तयारी आधीपासून करावी लागते.

याची उलट बाजूही आहे. १९ सप्टेंबर १९४० रोजी रोआल्ड डाल हा तरुण वैमानिक इजिप्तच्या वाळवंटात धावपट्टी न सापडल्यामुळे संध्याकाळी विमान खाली उतरविताना कोसळला आणि गंभीर जखमी झाला. १९४२ साली एका अमेरिकी साप्ताहिकात त्याने हा अनुभव लिहिला, तेव्हा लेखाला शीर्षक मिळाले ते लिबियावर पाडला गेल्याचे. शत्रूने पाडलेले विमान वाचकाला पटले. वाट चुकल्यामुळे आणि उजेड संपल्यामुळे पडलेले विमान तितके पटले नसते. पुढे डालने स्वतःच ही हकीकत वेगळ्या रीतीने सांगितली. मात्र आम्हांला यातून एक गोष्ट दिसते. या विषयातील बनावट बहुधा अतिरंजित नसते. ती वाचकाच्या आधीच ठरलेल्या अपेक्षेशी जुळणारी असते.

आता आपल्याकडील उदाहरण. दिलीप परुळकर हे भारतीय हवाई दलातील वैमानिक. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानावर खालून मारा झाला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. उडी घेण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी विमान तळावर परत आणले. याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. सहा वर्षांनी, १० डिसेंबर १९७१ रोजी, त्यांचे सुखोई-७ पाडले गेले. या वेळी त्यांना उडी घ्यावी लागली आणि ते पाकिस्तानात युद्धकैदी झाले. पकडले गेलो तर निसटण्याचा प्रयत्न करीन, असे त्यांनी आधीच बोलून दाखविले होते असे सांगतात. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, १२ आणि १३ तारखांमधल्या रात्री, रावळपिंडीच्या छावणीतील भिंतीला पाडलेल्या भोकातून ते, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. बसने पेशावर, तेथून खैबर खिंडीच्या वाटेने लंडी कोतल, असे ते अफगाण सरहद्दीपासून अवघ्या काही मैलांवर पोहोचले.

तेथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. त्यांच्याजवळच्या नकाशात लंडी खाना हे खैबर रेल्वेचे शेवटचे स्थानक होते. वस्तुतः ती रेल्वे तेथवर १९२६ साली गेली आणि १९३२ सालीच तो टप्पा बंद झाला होता. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाची चौकशी करणारे तीन परके तरुण पाहून तेथील लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते इतर कैद्यांबरोबर वाघ्यावरून भारतात परतले. फेथ जॉन्स्टन यांनी या पलायनावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, २०१९ साली त्यावर हिंदी चित्रपटही झाला. ग्रुप कॅप्टन परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये निवर्तले.

या हकीकतीत उडी कोठे आहे? ती आहे, पण एका वाक्यात मावते. कथा आहे ती त्यानंतरच्या आठ महिन्यांत: भिंत किती जाड, पहारा कधी बदलतो, कोणती भाषा कशी बोलायची, कोणावर विश्वास ठेवायचा. आणि शेवटी ती फिरते ती वीरश्रीवर नव्हे, एका जुन्या नकाशावर. लंडी खाना हा योगायोग नाही. वसाहतीच्या काळातला नकाशा आणि नंतरची जमीन यांतील अंतर आहे ते. फाळणीपूर्वीच्या एका गोष्टीने फाळणीनंतरच्या माणसाला दगा दिला. आता आमच्या विद्यार्थिनीच्या म्हाताऱ्याकडे पाहा. तोही फाळणीपूर्वीचे काही मनात बाळगून त्या शेतात उभा आहे. आम्ही त्याला योगायोग म्हणून बाहेर काढले. खरे तर तिच्या कथेत इतिहास असा तो एकटाच होता. फक्त त्याच्या येण्याची तयारी कथेत नव्हती, आणि तो भेटताच कथा संपत होती.

मराठी कादंबरीला ही गोष्ट अगदी नवी नाही. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) मध्ये नावाप्रमाणे रणांगण नाही. युरोपातून निघालेल्या बोटीवर सारी कादंबरी घडते. युद्ध अजून यायचे आहे, तरी प्रत्येक प्रवाशाच्या बोलण्यात ते आहे. युद्धाचे वास्तव तोफांच्या वर्णनाशिवाय कसे उभे राहते, हे त्या छोट्या कादंबरीने दाखवून दिले. याच नागपुरात शिकविणाऱ्या कुसुमावती देशपांडे यांनी आपल्या समीक्षालेखांच्या संग्रहाला ‘पासंग’ हे नाव दिले होते. पासंग म्हणजे तराजूचा कल घालविण्यासाठी हलक्या पारड्यात ठेवायचे छोटे वजन. बाजारपेठेतल्या वाचकाला ते वेगळे सांगायला नको. उडीच्या कथेत सारा भार आकाशाच्या पारड्यात पडतो. जमिनीच्या पारड्यात थोडे वजन घालणे एवढेच वास्तववादाचे काम आहे, असे आम्हांला वाटते.

या वजनात काकांनीही एक भर घातली. त्या रविवारी ते चर्चेत काही बोलले नव्हते. पुढच्या वेळी त्यांनी विचारले, ‘तिच्या कथेत ती छत्री घडी कोणी घातली?’ छत्री उंच जागी टांगून हवा देतात, तपासतात, दोऱ्या सोडवून ठराविक क्रमाने घडी घालतात, आणि घडी घालणारा नोंदीच्या कार्डावर तारीख टाकून सही करतो. ठरलेल्या मुदतीने सारे पुन्हा उलगडून पुन्हा घालायचे. ज्याचा जीव वाचतो त्याला ही सही कोणाची, हे बहुधा ठाऊक नसते. दिवसभर थाने उलगडणाऱ्या आणि पुन्हा घडी घालणाऱ्या लोकांच्या वर बसून आम्ही वास्तववादावर बोललो, आणि हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

येथवर आलेली सारी माणसे वाचलेली आहेत. परंतु हा विषय केवळ वाचलेल्यांच्या जोरावर संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७१ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे सुखोई-७ घेऊन गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या; लग्नाला दोन वर्षेही झालेली नव्हती. युद्धाच्या त्याच दिवसांतील एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये ‘टॉम्बे’ असे नाव छापून आले. या नावाच्या आधारावर पुढची अनेक दशके शोध चालू राहिला. भारताच्या यादीत असे ५४ बेपत्ता सैनिक आहेत. आपल्याकडे कोणी नाही, अशी पाकिस्तानची भूमिका राहिली. जून २००७ मध्ये नातेवाइकांचे एक शिष्टमंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही.

छत्री उघडली की नाही, पाय जमिनीला लागले की नाही, हेच येथे अनिर्णित आहे. परुळकर आणि तांबे एकाच युद्धात, एकाच जातीच्या विमानात होते. एकाच्या हकीकतीवर पुस्तक आणि चित्रपट होऊ शकला, कारण तिला शेवट आहे. दुसरीला शेवट नाही, आणि म्हणून तिची गोष्ट होत नाही. तिची निवेदने होतात, अर्ज होतात, याद्या होतात. कथाकार येथे दोन्ही बाजूंनी खोटे बोलू शकतो. नायकाला शेतात उतरवून तो एका घराच्या प्रतीक्षेला स्वस्त उत्तर देईल, किंवा त्याला आकाशातच संपवून ज्या घराने ते मान्य केले नाही त्याच्यावर परस्पर निकाल देईल. अशा घराविषयी लिहिताना ‘ठाऊक नाही’ हीच वस्तुस्थिती धरून ठेवणे फार अवघड आहे. वास्तववादाची खरी कसोटी आम्हांला येथे दिसते. आसनाची मूठ कोठे असते हे बरोबर लिहिण्यात ती नाही, जरी तेही बरोबर लिहिलेच पाहिजे.

आमच्या विद्यार्थिनीला आम्ही हे सारे सांगितले. दार आणि दोरी काढून टाक, म्हातारा राहू दे, पण त्याला कथेच्या मध्यावर आण, असे सुचविले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘सर, मग वैमानिकाच्या घरी कोण आहे, तेही लिहू का?’ आमच्या पहिल्या चर्चेत त्या घराचा उल्लेखही कोणी केला नव्हता. तिला आम्ही हो म्हटले. कथा अजून पूर्ण झालेली नाही.